अरब कुठी उतरला?

यवतमाळ-दारव्हा गाडी बोरी अरबला थांबली आणि कंडक्टर "चला, बोरी, बोरी" म्हणून ओरडला, की भाऊ पिशवी काखेत मारून उठत आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "बोरी तं उतरली, अरब कुठी उतरला?" नवा कंडक्टर गोंधळायचा. जुने पक्के होते. "अरब टपावर हाये, तुमी आधी उतरा," म्हणून घंटीची दोरी ओढायचे.

भाऊ माझे मावसभाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. अठरा हंगाम आम्ही एकाच कापूस संकलन केंद्रावर काढले. ते ग्रेडर, मी काट्याजवळचा कारकून. घरी नातं होतं आणि केंद्रावर हुद्दा, पण भाऊंना तो फरक कधी करता आला नाही. माझी टिंगल दोन्हीकडे सारखीच व्हायची.

गावाच्या नावात अरब कसा आला, यावर त्यांचं स्वतःचं संशोधन होतं. वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाच्या पदरी अरब शिपाई असत, इथवर इतिहास. पुढचं भाऊंचं. त्यांतला एक शिपाई थकलेला पगार मागत फिरत इथवर आला, अडाणचं कोरडं पात्र आणि वैशाखातलं ऊन पाहून म्हणाला, याच्यापरीस आमचं वाळवंट बरं, आणि घाईघाईत नाव इथंच विसरून परत गेला. अडाण आमची नदी. "आमी अडाणकाठचे, म्हणून अडाणी," हेही त्यांचंच.

पण त्या पगाराच्या गोष्टीत खरा धागा होता, आणि धागा ओळखणं हा तर त्यांचा धंदाच. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे तुंबली, म्हणून 1853 च्या तहात वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. चुकारा कधी मिळणार म्हणून कोणी शेतकरी कावून आला, की भाऊ त्याला चहा पाजत हे ऐकवायचे. "फौजेचा चुकारा थकला अन् अख्खं वऱ्हाड गेलं. तवापासून आपल्या मुलखात चुकारा थकायची रीतच पडली, मालक. तुमी काही पहिले नाई." माणूस हसायचा. पैसे काही त्या हसण्याने येत नसत, पण तो काट्यावर लाथ मारायला आलेला असायचा आणि कप विसळून ठेवून जायचा.

एकाधिकार खरेदी 1972 मध्ये सुरू झाली. कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा, व्यापाऱ्याला द्यायचा नाही. मी लागलो तेव्हा योजनेला सात-आठ वर्षं झाली होती. दिवाळी सरली की फाटकाबाहेर बंड्यांची रांग लागायची, ती कधी दोन-दोन रात्री हलायची नाही. बैल सोडलेले, कडबा पसरलेला, रस्त्याच्या कडेला पऱ्हाटीची शेकोटी. आत कापसाच्या गंज्या, म्हणून फाटकाच्या आत बिडीसुद्धा चालायची नाही. भाऊंना बिडीची तल्लफ, त्यामुळे रात्रीचे ते शेकोटीजवळच सापडत.

कापूस कसा पाहायचा, हे त्यांनी मला शिकवलं, जरी माझं ते काम नव्हतं. बंडीच्या वरच्या थराला ते हात लावत नसत. "वर ठेवते तो पाहुण्याचा कापूस," म्हणत कोपरापर्यंत हात आत खुपसत. मूठभर काढून आधी गालाला लावत. ओल गालाला कळते, हाताला नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. मग सरकीवरून रुई सोडवायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, तुटलेला भाग दुसऱ्यावर ठेवायचा, पुन्हा ओढायची. चार-पाचदा असं केलं की गुंता सुटून तंतू सरळ, एकाशेजारी एक येत. तो पिसासारखा झुपका ते जुन्या छत्रीच्या काळ्या कापडावर ठेवत. ते कापड कायम खिशात. काळ्यावर पांढरा धागा किती लांब भरतो, ते मग मलासुद्धा दिसायचं.

'सुपर' असेल तर ते ओरडून सांगत. 'फेअर' किंवा कवडी असेल तर मान खाली घालून चिठ्ठीवर लिहीत आणि लिहिता लिहिता बैलांची नावं विचारत.

एकदा एक म्हातारबुवा भडकले. अवकाळीत भिजलेला कापूस, बोंडं किडकी, पण त्यांना सुपर हवं होतं. "तुये डोये फुटले काय?" म्हणाले. भाऊंनी शांतपणे आपला चष्मा काढून त्यांच्या नाकावर ठेवला. "घ्या, तुमीच पाहा." बुवांनी मूठ डोळ्यांशी नेली, बराच वेळ निरखली आणि म्हणाले, "याच्यातून तं अजूनच खराब दिसते बे." फाटकापर्यंत हशा. बुवा सगळ्यांत मोठ्याने हसले.

ग्रेड मात्र फेअरच राहिली. हे सांगायलाच हवं, नाहीतर भाऊ म्हणजे सगळ्यांना वरचा भाव देणारा भोळा संत होता, असं वाटेल. एका बंडीला खोटं सुपर दिलं तर रांगेतल्या पुढच्या खऱ्या सुपरला तोंड कसं दाखवायचं, असं ते म्हणत. त्यांचा चांगुलपणा कागदावर कुठेच सापडायचा नाही.

शेकोटीजवळ त्यांच्या आजोबांच्या गोष्टी निघत. आजोबांनीही त्या आपल्या आजोबांकडून ऐकलेल्या. रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा. मग 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजी गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. "तिकडं भाऊ-भाऊ भांडले अन् इकडं आपल्या बायांच्या अंगावर चांदी आली. चार वर्षांत त्यायचं मिटलं, चांदी सावकाराच्या घरी गेली." पुढे मला छापील पुस्तकांत हेच वाचायला मिळालं, आकड्यांसकट. चांदी सावकाराकडे गेल्याचं वाक्य भाऊंच्याच आवाजात लक्षात राहिलं.

शकुंतला तर त्यांची लाडकी. अडीच फुटी रुळावरची यवतमाळ-मूर्तिजापूर गाडी, दारव्ह्याला मोतीबाग स्टेशन. कापसासाठीच टाकलेली लाईन, मालक किलिक निक्सन ही इंग्रजी कंपनी, आणि 1947 नंतरही रूळ कंपनीचेच राहिले. "स्वातंत्र्य आपल्याले भेटलं, रुळाले नाई." गार्डच तिकीट फाडायचा. 15 एप्रिल 1994 ला मँचेस्टरचं वाफेचं इंजिन काढून डिझेल लावलं, तर यांनी केंद्रावर पेढे वाटले. कशाचे, विचारलं तर म्हणाले, "म्हातारी रिटायर झाली. सत्तर वर्षं नोकरी केली तिनं, पेन्शन नाई." स्वतःची निवृत्ती तोंडावर आली होती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

नंतर बीटी आलं, व्यापारी आले, बंड्या जाऊन ट्रॅक्टर आणि मेटॅडोर आल्या. आमच्या केंद्राच्या जागेत आता गोदाम आहे. भाऊ शेवटपर्यंत कुणाच्याही गाडीतल्या कापसात हात खुपसत, न विचारता.

गेल्या पौषात ते गेले. तेरवीला बरीच माणसं होती, पुष्कळशी मला ओळखू न आलेली. जेवणाच्या पंगतीत एकाने चष्म्याची गोष्ट सांगितली, दुसऱ्याने ती दुरुस्त केली, तिसरा म्हणाला, तो म्हातारा माझा बाप. बुवा चष्मा घालून बैल शोधायला निघाले होते, असा शेवट त्याच्या घरी चालतो.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. कंडक्टर पोरसवदा, मशीन गळ्यात अडकवलेलं. माझ्याकडे पाहून थांबला. एखाद-दोनदा भाऊंसोबत पाहिलं असावं त्यानं मला.

"काय काका, आज एकलेच? अरब कुठी उतरला?"

मी दहाची नोट शोधत राहिलो.