कुबर्नेटीझ: एका कर्णधाराचे कुलवृत्त

क्लाउडवर चालणाऱ्या हजारो कंटेनरांपैकी कोणता कोणत्या यंत्रावर चढवावा आणि एखादा बुडाला तर त्याच्या जागी दुसरा केव्हा उभा करावा, याचा अष्टौप्रहर कारभार पाहणारी जी प्रणाली गूगलने २०१४ साली जाहीर केली, तिला तिच्या कर्त्यांनी जहाजाच्या कर्णधाराचे ग्रीक नाव दिले. आणि तेव्हापासून कुबरनेट्स, क्युबरनेटिस, कुबर्नेटीझ अशा उच्चारांचा जो गलबला उठला, तो औरंगाबादेहून पुण्या-बंगळूरास नोकरीस गेलेल्या अभियंत्यांतही अद्याप शमलेला नाही.

घराणे मोठे आणि भाऊबंदकी जुनी. मूळ शब्द रोमन मुलखात गेला तेव्हा 'क'चा 'ग' होऊन 'गुबेर्नातोर' झाला, आणि फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजांकडे येऊन तोच गव्हर्नर या रूपाने कंपनी सरकारच्या अमदानीत आमच्या दफ्तरांत दाखल झाला. दुसरी शाखा गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरने १९४८ साली सायबरनेटिक्स या नावाने काढली, जिचे तुटके शिर आज सायबर पोलीस ठाण्याच्या पाटीवर दिसते. मूळचा ग्रीक स्वर तर, ओठांचा चंबू 'उ'चा ठेवून 'ई' म्हणावे तसा, देवनागरीत उतरतच नाही, आणि आजचा ग्रीक मनुष्य स्वतः 'किव्हेर्नीतिस' म्हणतो. तेव्हा शुद्धतेचा दावा कोणी कोणावर लावावा?

या भाषेची आमच्या जिल्ह्याशी ओळख नवी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलेवर असलेले पैठण 'पैठाना' म्हणून नोंदले आहे. पुढे टॉलेमीने त्याचे 'बैठाना' केले, आणि पैठणकरांनी त्याबद्दल फिर्याद गुदरल्याचे ऐकिवात नाही. त्याच ग्रंथात असेही नमूद आहे की भडोचच्या खाडीचे मुख इतके बिकट, की राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन सामोरे जात व परकी गलबते बंदरात आणीत; म्हणजे ग्रीक कर्णधारालाही येथे दुसऱ्या कर्णधाराच्या स्वाधीन व्हावे लागे.

खरा तंटा कुळवंत नावाचा नाही, बेवारशांचा आहे. या प्रणालीस हुकूम सोडण्याचे जे साधन, त्याचे नाव जिभेवर येण्यापूर्वी कळफलकावर जन्मले: 'क्यूब'पुढे 'कंट्रोल'ची तीन व्यंजने. कोणी त्यास क्यूब-कंट्रोल म्हणतो, कोणी क्यूब-कटल, कोणी क्यूब-सीटीएल. रोमन लिपीत हा निवाडा बेमुदत तहकूब ठेवता येतो. देवनागरीत स्वर ठरविल्यावाचून कारकुनाची लेखणी पुढे सरकत नाही. माझा कौल क्यूब-सीटीएलला, कारण मध्यरात्री फोनवरून 'क्यूब-सीटीएल गेट पॉड्स मार' असे सांगितले, तर ऐकणाऱ्याची बोटे चुकीच्या अक्षरावर पडत नाहीत. एट-सी-डी आणि इंजिन-एक्स या अशाच दोन संगणकीय साधनांचे उच्चार कर्त्यांनीच सांगून टाकल्यामुळे तेथे वादास जागा उरली नाही.

जिभेच्या या कटकटीतून सुटका म्हणून पुष्कळजण 'के-एट-एस' असे लघुरूप वापरतात. रोमन लिपीतील पहिल्या व शेवटच्या अक्षरांमध्ये आठ अक्षरे येतात, त्यावरून हा आठ. देवनागरीत मोजू गेल्यास 'कु' आणि 'झ' यांच्यामध्ये तीनच भरतात.