सात घरं फिरलेलं मांजर

फेब्रुवारी २०२५ मधली पुण्याची एक बातमी तुमच्याही फोनवर आली असेल. हडपसरच्या एका सोसायटीत, एकाच फ्लॅटमध्ये, तीनशेहून जास्त मांजरं. शेजाऱ्यांच्या तक्रारी, महापालिकेची पाहणी, मग मांजरं हलवायची नोटीस. मीम्स भरपूर फिरले. मला मात्र प्रश्न पडला, हलवायची ठीक आहे, पण कुठे? त्यातली गोंडस पिल्लं कोणीतरी नेईल. पण माणूस दिसला की कपाटामागे घुसणाऱ्या मांजराला घर कोण देणार?

आजचा भाग या बुजऱ्या मांजरांचा. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. थोडं म्हणजे साडेनऊ हजार वर्षं.

सायप्रस बेटावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना एक दफन सापडलं. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर एका मांजराचा सांगाडा. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच, म्हणजे कोणीतरी त्यांना होडीतून नेलं असणार. ही सोबत सुरू कशी झाली? माणूस शेती करायला लागला, धान्य साठवलं, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. गायीला आपण दावं लावलं. मांजराला कोणी बांधलं नाही. जी मांजरं माणसाला थोडी कमी घाबरत होती, ती जवळ टिकली. म्हणजे पहिलं पाऊल मांजराने टाकलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्याकडे या. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. रँडची गोष्ट आपण शाळेत वाचलीच आहे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो. झालं, उंदरांचा शत्रू शोधायला लोक लागले. १९०८ मध्ये लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन या लष्करी डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला. विदर्भातल्या गावांकडे बघून त्याचं म्हणणं होतं, की जिथे घरोघरी मांजरं आहेत, तिथे प्लेगचा त्रास कमी. मांजरांनाही प्लेग होऊ शकतो हे आज आपल्याला माहीत आहे, त्यामुळे हा उपाय वाटतो तितका सरळ नव्हता.

पण मला त्यातली दुसरीच गोष्ट पटली. गावात मांजरं आणून सोडणं सोपं आहे, ती तिथे राहतील याची खात्री देणं अवघड. मांजर राहतं ते स्वतःच्या मर्जीने. तेव्हाही आणि आजही आपण मांजरं मोजतो. २०२२ मध्ये पुणे महापालिकेने पाळीव मांजरांची नोंदणी सक्तीची केली. नोंदणी हवीच. पण मांजराचा विश्वास मोजायला कुठलाच फॉर्म नाही.

मग तो विश्वास येतो कुठून? आजी सांगायची, मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते. कधी माळ्यावर, कधी गच्चीतल्या पत्र्याखाली, कधी पार्किंगमधल्या जुन्या फर्निचरमागे. तिच्या दृष्टीने हा सुरक्षेचा प्रश्न. पण १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर प्रयोग केले आणि दिसलं, की साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसांनी नियमित हाताळलं, तर ते पुढे माणसाळतं. ही खिडकी छोटी आहे. आईने या काळात त्याला माळ्यावर लपवलं आणि माणूस दिसलाच नाही, तर माणूस म्हणजे धोका हेच त्याचं डिफॉल्ट सेटिंग होतं. १९९५ मध्ये सँड्रा मॅक्यून यांच्या अभ्यासात आणखी एक मजा निघाली. पिल्लाचा धीटपणा बापावरही जातो, जरी त्या बोक्याने पिल्लाचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी!

म्हणजे कोपऱ्यात बसलेलं मांजर माजोरडं नाही आणि कृतघ्नही नाही. त्याची खिडकी बंद झाल्यावर आपण आलोय, इतकंच.

मग आता काहीच होत नाही का? होतं, पण हळू. झुरिकच्या डेनिस टर्नर यांनी घरांमध्ये निरीक्षण करून दाखवलं, की जवळ यायची सुरुवात मांजराने केली तर भेट जास्त वेळ टिकते. आपण पुढाकार घेतला की ते लवकर निघून जातं. सायप्रसचंच गणित, बघा. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या एका शेल्टरमध्ये नव्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं. त्यांचा ताण खोकं न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरला. आणि २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात दिसलं, की आपण डोळे सावकाश मिटून उघडले, तर अनोळखी माणसाकडेही मांजर यायची शक्यता वाढते.

मी शनिवारी एका शेल्टरमध्ये मदतीला जातो. तिथे एक करडी मांजरीण होती, इतकी भिडस्त की आम्ही तिला भिडेकाकू म्हणायचो. मी पिंजऱ्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि या पॉडकास्टची स्क्रिप्ट हळू आवाजात वाचायचो. हात पुढे करायचा नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही. खाऊ चमच्यावर ठेवायचा, दर वेळी जरासा जवळ. एक्सेलमध्ये नोंद असायची. पहिले चार शनिवार "खोक्यात", पाचव्याला "कान बाहेर", नवव्याला "चमचा चाटला". बाराव्याला तिने माझ्या गुडघ्याला डोकं घासलं. तेव्हा मी प्लेगवरच वाचत होतो.

हे सगळं कशासाठी? कारण शेल्टरमधली जागा मर्यादित असते. बुजरं मांजर दोन वर्षं पिंजरा अडवून बसलं, तर उद्या गाडीखाली आलेल्या मांजराला नाही म्हणावं लागतं. दत्तक घ्यायला येणारा माणूस पाठमोऱ्या मांजरासमोर दहा सेकंद थांबतो आणि पुढे जातो. म्हणून घरी काही आठवडे सांभाळणारी माणसं सगळ्यात मोलाची. एक शांत खोली, आडवं खोकं, खिडकीला जाळी आणि रोज एकाच वेळी जेवण, एवढं पुरतं. सोफ्याखालून ओढून मात्र काढायचं नाही.

प्रत्येक मांजराला घर हवंच असतं, असंही नाही. रस्त्यावरच वाढलेलं, पूर्ण रानटी मोठं मांजर नसबंदी करून त्याच्या जागी परत सोडणंच बरं. पण जे खोक्यातून कान बाहेर काढतंय, त्याला थोडा वेळ द्या. पुढच्या वेळी शेल्टरमध्ये गेलात, तर सगळ्यात मागचा पिंजरा कोणाचा आहे, ते विचारा. आणि कोणी घरी सांभाळलं असेल, तर कितव्या आठवड्यात चमचा चाटला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!