हयगय, अविचार आणि बेदरकारपणा : मोटार-अपघातांच्या कायदेभाषेचा इतिहास

मोटारीच्या धडकेने मोटारसायकलस्वार मृत्यू पावला म्हणजे आपल्याकडील फिर्यादीत एक ठरीव वाक्यबंध हटकून आढळतो : चालकाने आपले वाहन ‘भरधाव वेगाने, अविचाराने व हयगयीने’ चालविले. हा वाक्यबंध इतका रुळला आहे की त्यातील शब्दांकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु चालकाची शिक्षा आणि मृताच्या कुटुंबाची भरपाई ही दोन्ही ह्याच शब्दांच्या अर्थावर अवलंबून राहत आली आहेत. त्या अर्थाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली. सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक रीतीने वाहन हाकण्याचा गुन्हा तीत कलम २७९ अन्वये होता; तो अर्थातच घोडागाडीचा काळ होता. हयगयीने घडलेल्या मृत्यूसाठी मात्र स्वतंत्र कलम नव्हते. ते, म्हणजे कलम ३०४-अ, १८७० साली घालण्यात आले. त्यात कमाल शिक्षा दोन वर्षांची ठेवण्यात आली, आणि ती मर्यादा पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

ह्या कलमातील दोन विशेषणांचा भेद १८७२ साली मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हॉलोवे यांनी स्पष्ट केला. अनिष्ट परिणाम होऊ शकेल ह्याची जाणीव असूनही तो होणार नाही अशा आशेवर कृती करणे हा पहिला दोष. आणि जाणीव नसणे, परंतु योग्य सावधगिरी बाळगली असती तर ती झालीच असती, हा दुसरा. दुसऱ्या दोषास मराठीत ‘हयगय’ हा शब्द चपखल बसतो. पहिल्यास रूढ झालेला ‘अविचार’ मात्र दिशाभूल करणारा आहे. अविचार म्हणजे विचाराचा अभाव. कायद्याला येथे अभिप्रेत आहे तो विचार मनात येऊनही त्याची पर्वा न करण्याचा दोष. फारसीतून आलेला ‘बेदरकार’ हा शब्द ह्या अर्थाच्या अधिक जवळचा आहे, कारण ‘दरकार’ नसणे म्हणजे अज्ञान नव्हे, तर बेपर्वाई.

ह्या भेदाचे व्यावहारिक महत्त्व मोटारसायकलीच्या अपघातांत विशेष दिसून येते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रा. हॅरी हर्ट व त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या प्रसंगांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत त्या दुसऱ्या चालकाने मोटारसायकलस्वाराचा मार्गाधिकार मोडला होता. समोरून येणाऱ्या मोटारसायकलीपुढे मोटार आडवी वळविणे हा त्यातील नेहमीचा प्रकार. आणि मोटारसायकल आपणास दिसलीच नाही, हे चालकाचे नेहमीचे उत्तर. लोकव्यवहारात हे उत्तर निर्दोषपणाचे मानले जाते. हॉलोवे यांच्या व्याख्येने पाहता ते पुष्कळदा हयगयीची कबुलीच ठरते, कारण दिसण्याजोगे असून न पाहणे हेच हयगयीचे स्वरूप होय.

तथापि दोष सिद्ध होणे पुरेसे नाही. तो मृत्यूचे कारणही असावा लागतो. १९०२ साली मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी असे ठरविले की, आरोपीची कृती हे मृत्यूचे निकटचे व प्रभावी कारण असले पाहिजे. ती नसती तर मृत्यू झाला नसता एवढेच दाखविणे पुरत नाही. ही कसोटी पुढे सर्वोच्च न्यायालयानेही स्वीकारली.

भरपाईचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १८५५ च्या कायद्याने मृताच्या वारसांना दाव्याचा हक्क दिला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याच्या तरतुदी १९४६ साली अमलात आल्या. १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. तरीही हयगय सिद्ध केल्यावाचून भरपाई नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. ज्याचा साक्षीदार रस्त्यावरच मरण पावला, त्या कुटुंबाने हे सिद्ध कसे करावे? १९८२ च्या दुरुस्तीने मृत्यूसाठी १५,००० रुपयांची दोषनिरपेक्ष भरपाई प्रथमच मान्य केली. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या तरतुदीने ही रक्कम ५ लाखांवर नेली.

उलट बाजूने मृताच्याच माथी हयगय मारण्याचा प्रयत्नही नित्याचा आहे. मोटारसायकलीवर तिघे बसले होते, एवढ्यावरून मृताचा सहभागी दोष ठरत नाही. त्या नियमभंगाचा टक्करीशी किंवा झालेल्या हानीशी कार्यकारणसंबंध दाखविला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. जेंकिन्स यांच्या निर्णयामागील कार्यकारणाचा प्रश्न येथे भरपाईच्या क्षेत्रात उपस्थित झाला, आणि त्याचा लाभ ह्या वेळी मृताच्या पक्षास मिळाला.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली व कलम १०६ ने कमाल शिक्षा पाच वर्षे केली. अपघाताची खबर न देता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे उपकलम मात्र, त्या वर्षीच्या जानेवारीतील वाहनचालकांच्या संपानंतर, संहितेबरोबर अमलात आणले गेले नाही.

शासकीय अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील ४४.५ टक्के होती. ‘अपघात’ ह्या संस्कृत शब्दात ‘हन्’ हा धातू आहे. घात म्हटला की घात करणाराही आला. मराठीत मात्र ‘अपघात झाला’ असे आपण म्हणतो, आणि वाक्यातला कर्ता नाहीसा होतो. त्या कर्त्याचा शोध घेणे हेच वर सांगितलेल्या कायद्याच्या इतिहासाचे मुख्य सूत्र आहे. शब्द ढिले राहिले तर तो शोधही ढिला पडतो, एवढे तरी भाषेच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावयास हवे.