झुबिन मेहतांच्या वडिलांची गोष्ट

झुबिन मेहता हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. जगातले मोठमोठे ऑर्केस्ट्रा गाजवणारा मुंबईकर. पण आजचा भाग त्यांच्या वडिलांचा, मेहली मेहतांचा.

१९०८ साली मुंबईत, पारशी घरात जन्म. हातात व्हायोलिन आणि ध्यास पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. उभा केला म्हणजे काय, तर माणसं गोळा केली. गोव्याचे वादक, पारशी हौशी मंडळी, नौदलाच्या बँडमधले लोक. आता यातला एखादा गळला, तर दुसरा आणायचा कुठून? ऑर्केस्ट्रा होता, पण त्याला वादक पुरवत राहील अशी तालीम शहरात नव्हती.

मग मेहली स्वतःच पुन्हा विद्यार्थी झाले. १९४५ मध्ये, बायको आणि दोन लहान मुलं मुंबईत ठेवून, ते न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला गेले. हेच गलामियन पुढे इत्झाक पर्लमनचे गुरू झाले. मेहली काही वर्षांनी परतले, पण मुंबईत संगीतावर घर चालेना. १९५५ मध्ये त्यांनी देश सोडला.

विचार करा, सत्तेचाळिशीला टेकलेला माणूस. इथे स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, तिकडे मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात ते नोकरीला लागले. पुढे फिलाडेल्फियात कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट. चौघांचा संच, त्यात यांच्याकडे दुसरं व्हायोलिन. म्हणजे बहुतेक वेळा सूर दुसऱ्याचा, आधार यांचा.

१९६४ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले, विद्यापीठात शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली. शिक्षण झालंय पण अजून नोकरी नाही, अशा तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा. मुंबईत जी पायरी नव्हती, नेमकी तीच त्यांनी तिकडे बांधली आणि ३३ वर्षं चालवली. तिथली मुलं पुढे अमेरिकेतल्या नामांकित ऑर्केस्ट्रांत जाऊन बसली.

२००२ मध्ये मेहली गेले. पुढे ती यूथ सिंफनीही बंद पडली. मुंबईत मात्र १९९५ पासून त्यांच्या नावाचं फाउंडेशन मुलांना हे संगीत शिकवतंय.

मैफल एका संध्याकाळी संपते, मंडळी. पण ज्याला शिकवलं, तो चाळीस वर्षं वाजवतो. तुम्हाला असं कोणी शिकवलं असेल, तर त्यांना आज एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!