सपोज टू की सपोज्ड टू?

परवा नातवाने इंग्रजीत लिहिलेला एक अर्ज वाचत होतो. 'आय ॲम सपोज टू' असं लिहिलं होतं. म्हटलं, "सपोजला शेवटी डी लाव." तर म्हणतो, "आजोबा, बोलताना तो कुठे ऐकू येतो?"

पोराचं खरं आहे. हीच चूक मी हसनाबादला शिकवताना कितीतरी वर्षं फळ्यावर लिहीत होतो! एका विद्यार्थ्याने शब्दकोश उघडून दाखवला, तेव्हा कुठे कळलं. मान खाली गेली.

चूक आली कुठून? आमचा मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. आमचे गुरुजी उर्दूतून शिकलेले, आम्हाला शिकवायचे मराठीतून आणि इंग्रजी सुरू व्हायचं पाचवीला. त्यांच्या तोंडून जे कानावर पडलं तेच वहीत उतरलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? खुद्द इंग्रजांच्या बोलण्यातही तो 'डी' पुढच्या 'टी'त विरघळतो. 'यूज्ड टू'चंही तेच. 'आइस्ड क्रीम'चा 'डी' तर लिहिण्यातूनही गेला आणि 'आइसक्रीम' शुद्ध ठरलं! 'सपोज्ड टू'ला मात्र ही सूट मिळालेली नाही.

मूळ शब्द लॅटिन, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला. मुळात 'खाली ठेवणे', त्यावरून गृहीत धरणे. 'आय ॲम सपोज्ड टू गो' म्हणजे मी जाणार हे इतरांनी गृहीत धरलंय. धरणारे दुसरे, म्हणून कर्मणी प्रयोग, म्हणून 'डी'. 'आय सपोज'मध्ये धरणारा मीच, तिथे 'डी' नको. एवढं सांगितलं की मुलं सहसा चुकत नाहीत. 'नॉट' आला की मात्र अर्थ थेट मनाईचा होतो. 'यू आर नॉट सपोज्ड टू सिट हियर' म्हणजे इथे बसायचं नाही!

आपल्या मराठीत हे किती सहज येतं! 'दहाला पोचायचं होतं' म्हटलं की अपेक्षाही आली आणि ती पुरी न झाल्याची रुखरुखही.

तो शब्दकोश पाहिल्यावर दुसऱ्याच दिवशी वर्गात चूक कबूल केली. पण आधीच्या तुकड्यांचं काय? ती मुलं कुठे कुठे अर्ज लिहीत असतील. त्यांनाही नीट शिकवायचं होतं.

असो. त्यातलं कोणी हे वाचत असेल, तर बाबांनो, तेवढा 'डी' लावून घ्या.