किल्ली बदलण्याचा हक्क

भाडेकरू घर सोडतो, किल्ल्यांचा जुडगा परत करतो. पण त्या किल्लीची नक्कल आणखी कुणाकुणाकडे राहिली, हे घरमालकाला कळायला मार्ग नसतो. अमेरिकेत यावर दोन उपाय आहेत. एक, कुलूपवाल्याला बोलावून कुलपातल्या पिना बदलून घ्यायच्या. दुसरा, मालकाला स्वतःच नवी किल्ली लागू करता येईल असे कुलूप दाराला बसवायचे. हा दुसरा उपाय आजकालचा वाटतो, पण त्याचे मूळ १८३६ सालापर्यंत जाते.

न्यू जर्सीतल्या पर्थ अॅम्बॉय गावचे डॉ. सॉलोमन अँड्र्यूज हे मोठे खटपटी गृहस्थ. पुढे १८६३ मध्ये त्यांनी फुग्यांवर तरंगणारे हवाई जहाजही उडवले. १८३६ मध्ये त्यांनी बनवलेल्या कुलपातले खटके मालकाला आपल्या मर्जीने मांडता येत, आणि किल्लीचे दातही सुटे असल्याने त्याच क्रमाने लावता येत. कोणता क्रम लावला, हे कुलूप बनवणाऱ्यालाही ठाऊक नसे.

न्यूयॉर्कच्या रॉबर्ट न्यूएल यांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. किल्लीचे दात नव्या क्रमाने लावून कुलूप बंद केले की ते त्याच क्रमाशी जुळवून घेई. दारावरून काढायची गरजच उरली नाही. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हे कुलूप घेऊन गेलेल्या आल्फ्रेड हॉब्ज यांनी तिथे भलतीच खळबळ उडवली. चब यांचे नामांकित कुलूप त्यांनी सुमारे २५ मिनिटांत किल्लीविना उघडले. ब्रामा यांचे कुलूप उघडणाऱ्यासाठी ठेवलेले २०० गिनींचे बक्षीस कित्येक वर्षे तसेच पडून होते. १६ दिवसांत मिळून ५१ तास झुंजून हॉब्ज यांनी तेही जिंकले.

न्यूएल यांचे कुलूप मात्र अवजड, महागडे आणि बँकांच्या तिजोऱ्यांसाठी घडवलेले होते. सामान्यांच्या दारापर्यंत पोहोचले ते येल पितापुत्रांचे कुलूप. लायनस येल थोरले यांनी १८४८ मध्ये पिनांच्या कुलपाचे पेटंट घेतले. चिरंजीवांनी १८६० च्या दशकात त्याला छोटे सिलिंडर आणि खिशात मावणारी चपटी, दातेरी किल्ली दिली. कुलूप सुटसुटीत झाले, पण मालकाचा हक्क गेला. किल्ली बदलायची तर सिलिंडर खोलायचे, स्प्रिंगा उडू न देता बारीक पिना काढायच्या आणि नव्या किल्लीच्या खाचांच्या मापाच्या पिना भरायच्या. हे कसबी हाताचेच काम.

तो हक्क घराच्या दारावर परत आला तो २००७ च्या सुमारास, क्विकसेट कंपनीच्या ‘स्मार्टकी’मुळे. चालू किल्ली घालून पाव फेरा फिरवायचा, शेजारच्या फटीत एक बारीक हत्यार खुपसून काढायचे, मग जुनी किल्ली काढून नवी घालायची आणि उलटी फिरवायची. आतल्या प्रत्येक पिनेला दातेरी पट्टी जोडलेली असते. हत्याराने दोन्ही सुटतात. नवी किल्ली पिनांना नव्या उंचीवर नेते आणि परत फिरवताच दाते पुन्हा अडकतात. सगळा खेळ मिनिटाभराचा.

मेख अशी, की चालू किल्लीच हरवली तर ही सोय निकामी, आणि नवी किल्लीही त्याच घडणीची लागते. शिवाय २०१३ च्या ‘डेफ कॉन’ या हॅकरांच्या संमेलनात सुरक्षातज्ज्ञांनी हे कुलूप साध्या अवजारांनी जोर लावून उघडता येते, असे दाखवले. उलट, ठोका देऊन पिना उडवण्याची चोरांची युक्ती त्यावर चालत नाही, कारण त्याची रचनाच निराळी.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा कारखाना काढला, आणि खटक्यांच्या, म्हणजे लिव्हरच्या, कुलपांचा दबदबा बसला. त्यात किल्ली बदलणे म्हणजे बहुधा कुलूपच बदलणे. आजच्या फ्लॅटच्या दाराला सिलिंडरचे कुलूप असेल, तर नुसते सिलिंडर बदलून भागते; चौकटीला हात लावावा लागत नाही. दर वर्षी भाडेकरू बदलणाऱ्या अमेरिकी घरमालकाला मात्र स्वतः किल्ली बदलता येणारे कुलूप परवडते, कारण कुलूपवाल्याच्या दर खेपेचे पैसे वाचतात. वर्षानुवर्षे एकाच घरात राहणाऱ्या कुटुंबाला त्या सोयीचा उपयोग क्वचितच. त्यांनी तोच पैसा अधिक भक्कम सिलिंडरवर घालावा.