ओल आलेल्या भिंतीची दुरुस्ती : आधी वाट पाण्याची

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुंबई-ठाण्यातील अनेक सदनिकांत एकच दृश्य दिसते. पावसाळ्यात फुगलेले रंगाचे पोपडे खरवडले जातात, त्यावर लुकण फिरते, रंगाचे दोन हात बसतात आणि घर पुन्हा नवे दिसू लागते. होळीपर्यंत त्याच जागी पिवळसर कडा उमटते आणि पुढच्या पावसात पोपडे परत येतात. दोष रंगाऱ्याला दिला जातो, क्वचित रंगाच्या कंपनीला. वास्तविक दोष मुहूर्ताचा असतो. ऑक्टोबरात भिंत वरून कोरडी भासली, तरी नऊ इंची विटांची भिंत आतून वाळायला काही महिने घेते. शिवाय पाणी कुठून आले, हा प्रश्न तसाच राहिलेला असतो. ओल हे लक्षण आहे. दुरुस्ती करायची ती पाण्याच्या वाटेची, आणि ही वाट शोधण्याचे बरेचसे काम घरच्या माणसाला स्वतः करता येते.

सुरुवात पेन्सिलीने करावी. ओलीच्या डागाभोवती कडेने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी आणि आठवड्याने पुन्हा पाहावे. पाऊस लागून राहिला की डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की आक्रसतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या कडेने अथवा गच्चीतून येत आहे. भर एप्रिलमध्येही तो ताजा असेल, तर संशय नळ, सांडपाण्याची वाहिनी किंवा वरच्या स्नानगृहावर घ्यावा. कोकण किनाऱ्यावर पावसाचा मारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून असतो. त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेकडील भिंतींना अधिक सोसावे लागते. सांताक्रूझला चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे केसाएवढ्या भेगेतूनही किती पाणी आत जिरत असेल, याचा अंदाज येतो.

शेजारच्या वातानुकूलित खोलीमुळे भिंतीवर दव साचते आणि त्यालाही ओल समजले जाते. हे पारखायला स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमचा कागद पुरतो. हातभर तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि एक दिवसाने काढावा. कागदाची भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येत आहे, खोलीकडची ओली असेल तर ते हवेतील दमटपणाचे आहे.

छतावरचा डाग अधिक फसवा असतो, आणि शेजाऱ्यांची भांडणेही त्यावरूनच होतात. आपल्याकडील अनेक इमारतींत स्नानगृहाची स्लॅब थोडी खाली घेऊन त्या खड्ड्यात विटांचे तुकडे व सिमेंटचा कोबा भरतात आणि वर फरशी बसवतात. फरशीच्या सांध्यातून किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेने झिरपलेले पाणी आधी या विटांच्या थरात साठते. थर भरला की ते उतार सापडेल तिकडे सरकते आणि स्लॅबमधील सर्वांत कच्च्या जागी खाली उतरते. म्हणून डाग जिथे दिसतो, त्याच्या नेमके वर छिद्र असतेच असे नाही. वरच्या मजल्यावरील कुटुंबाने ‘आमची ती बाजू कोरडीच आहे’ म्हणावे आणि ते खरेही असावे, असे यामुळेच घडते.

पुढची पायरी दोन्ही घरांच्या संमतीने, शक्यतो सुट्टीच्या दिवशी घ्यावी. दाबाखालच्या नळाची गळती चोवीस तास सारखी चालते, सांडपाण्याची गळती वापरानंतर वाढते. रात्री वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून सकाळपर्यंत खालची ठिबक थांबली, तर भिंतीत गाडलेल्या नळावर संशय घ्यावा. पाण्याचा मीटर स्वतंत्र असेल तर काम आणखी सोपे होते. सगळे नळ बंद असताना काटा फिरत असेल, तर पाणी कुठेतरी निसटते आहे. नळ निर्दोष निघाले, तर नहाणी ट्रॅपला कापडाचे बूच मारून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवावे, पातळीची खूण करावी आणि चोवीस तास थांबावे. पाण्यात खाद्यरंग मिसळण्याची युक्ती अनेकांना ठाऊक असते. रंग खाली उतरला तर प्रश्न मिटला. उतरला नाही म्हणून वरचे घर निर्दोष ठरत नाही, कारण विटा व कोबा यांतून जाताना रंग गाळला जाऊ शकतो.

दोष फरशीच्या सांध्यांत सापडला, तर ते काम घरी होण्याजोगे आहे. जुने सांधे टोकदार हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खोल कोरून काढावेत, साबणाचा थर घासून टाकावा आणि स्नानगृह दोन दिवस तरी पूर्ण कोरडे ठेवावे. अडचण येते ती याच टप्प्यावर, कारण एकच स्नानगृह असलेल्या घरात दोन दिवसांची सोय लावणे सोपे नसते. ओल्या सांध्यात भरलेले सिमेंट वा इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे इथे घाई करू नये. सिमेंटच्या ग्राउटपेक्षा इपॉक्सी महाग पडते, पण पाणी शोषत नाही. निदान ट्रॅपभोवती आणि भिंत व फरशी मिळतात त्या कोपऱ्यात तरी तेच वापरावे. दुरुस्तीनंतर विटांच्या थरात साठलेले पाणी आठवडे न् आठवडे निथळत राहते. डाग लगेच गेला नाही म्हणून काम फसले, असा निष्कर्ष काढू नये. त्याकरिताच पेन्सिलीच्या रेघा आहेत.

खिडकीच्या चौकटीची कडा उन्हाळ्यात आतून तपासावी. जुने सीलंट सुटले असेल तर ते पूर्ण काढून, जागा कोरडी करून नवे सिलिकॉन भरावे. जुन्यावर नवे चढवल्यास दोन्ही एकदम सुटतात. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धुळीने बुजलेली आढळतात, आणि एका तारेने मोकळी केल्यावर खिडकीखालची ओल थांबल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मात्र बाहेरच्या बाजूचे काहीही खिडकीतून वाकून करू नये. ते परांचीवरच्या प्रशिक्षित कामगाराचे काम आहे.

पाणी थांबल्यावर भिंत. बोटांच्या पेराने ठोकून पाहिल्यास सुटलेला गिलावा पोकळ वाजतो. तेवढा भाग काढून टाकावा. पांढरा, भुरभुरीत लोणा हा पाण्याबरोबर वर आलेला क्षार असतो. तो कोरड्या ब्रशने झाडावा. धुतल्यास क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतो. त्यानंतर भिंत उघडीच ठेवावी. पाहुण्यांना ती बरी दिसत नाही हे खरे, पण वाळण्याचा दुसरा उपाय नाही. भिंत वाळल्यावर भराईसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नये, पाणी लागताच ते मऊ पडते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी त्यापेक्षा टिकते. आतल्या बाजूने ‘जलरोधक’ रंग फासून बाहेरचे पाणी अडवण्याचा प्रयोगही लोकप्रिय आहे. पाणी त्या पापुद्र्यामागे कोंडते आणि काही महिन्यांत मोठाले फोड येतात.

इथवरची कामे घरची. छताचा गिलावा पडून गंजलेल्या सळ्या दिसू लागल्या, की हात आखडता घ्यावा. चांगल्या काँक्रीटचा अल्कधर्मी गुण लोखंडाला गंजापासून वाचवतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड, किनाऱ्याजवळचे क्षार आणि सततची ओल यांनी हे कवच निकामी होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट भरते आणि ते आतून काँक्रीट फोडते. भारतीय मानक आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार सौम्य परिस्थितीतही सळईवर साधारण २० मिलिमीटर आवरण हवे. जुन्या इमारतींत ते अनेकदा याहून कमी आढळते. अशा जागी गवंड्याकडून सिमेंटचा थापा मारून घेणे हा सर्वांत वाईट उपाय होय. गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या वेळी तो थापाच डोक्यावर पडतो. तुळई किंवा खांबावर सळईच्या रेषेत उभी-आडवी भेग, तिच्यालगत तांबूस डाग, असे दिसले तर संरचना अभियंत्यालाच बोलवावे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी-साई ही इमारत कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील फेरबदलांत खांबांना हात लावल्याचा मुद्दा त्या दुर्घटनेत ऐरणीवर आला होता. ओल विजेच्या बोर्डापर्यंत पोहोचली असेल, तर त्या भागाचा एमसीबी बंद करून आधी वायरमनला बोलवावे, मग पाण्याचे पाहावे.

खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या सामायिक वाहिन्या, छताची संरचनात्मक दुरुस्ती आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेची जबाबदारी ठरते. सदनिकेतील शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी अंतर्गत गळती संबंधित सभासदाने दुरुस्त करायची असते. म्हणूनच पाणी पावसाचे की वरच्या नहाणीचे, हे आधी ठरणे महत्त्वाचे. १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावी, असेही उपविधी सांगतात. तो अहवाल पाहण्यास मागावा.

संस्थेकडे अर्ज लेखी द्यावा, सोबत तारखांच्या रेघांसह डागाची छायाचित्रे जोडावीत आणि पोच घ्यावी. अर्ज जानेवारीपर्यंत गेला तर बरे. दरपत्रके मागवणे, सभेची मंजुरी आणि कंत्राटदाराची वेळ यांत दोन-तीन महिने सहज जातात, आणि जूनच्या पहिल्या सरीनंतर बाहेरच्या भिंतीवर परांची बांधून काही उपयोग नसतो.